होयबाची मान

प्राणिसंग्रहालयात इग्वाना या भल्यामोठ्या सरड्यांची देखभाल करणाऱ्या त्या माणसाला सगळे होयबा म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. साहेबांनी खडसावलं की हलव मान, बायको करवादली की हलव मान, मेहुण्याने शिव्या घातल्या तरी हलव मान. मानेत स्प्रिंगच बसवली होती मेल्याच्या!

त्या सकाळी तो पाल्याची पाटी घेऊन पिंजऱ्यात शिरला. एरवी हिरवागार असणारा थोराड नर विणीच्या हंगामात नारंगी झाला होता. होयबाने सवयीने त्यालाही मान हलवली. आता इग्वानांमध्ये नरासमोर मान हलवणं म्हणजे 'ये, बघतोच तुला' असं ठणकावणं. नराने गळ्याखालचं कातडं पसरलं, मान खालीवर करून तसंच उत्तर दिलं आणि झेप घेतली. शेपटीच्या फटक्याने होयबाचा गाल फाटला. करवतीसारखे दात अंगठ्यात पार हाडापर्यंत रुतले. होयबाने त्याला भिंतीवर आपटलं, तरी जबडा सुटेना. सुटला तो मांसाचा लचका घेऊनच.

साहेब धावत पिंजऱ्याच्या दारात आले. आधी त्यांनी इग्वाना धड आहे ना ते पाहिलं, मग खेकसले, "माझं जनावर मारतोस? गाढवा, चूक तुझीच आहे, कळलं?"

होयबाच्या हातातून रक्त टपटपत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी, मग तो इग्वाना का असेना, त्याला तोडीस तोड समजून अंगावर आलं होतं. त्याने साहेबांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि मान हलवली. सावकाश, खालीवर.

साहेबांनी मागे सरून दार बाहेरून लावून घेतलं.