पाय कुणी उचलला

तेजस्वीच्या डाव्या मनगटात धातूची पट्टी आहे. ती का बसवावी लागली, हे सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं: गाडी वळणावर असताना तिने घाबरून नवऱ्याचा हात ओढला. हळदीकुंकवाला आणि ती काम करते त्या आमरसाच्या कारखान्यात बायका मनगटाकडे बघून म्हणायच्या, "चालवणाऱ्याचा हात धरू नये गो कधी."

ही हकीकत पहिल्यांदा सांगितली तिच्या नवऱ्याने. विनीत जहाजावर इंजिनिअर. सुट्टीवर आला तेव्हा मुंबईहून त्याने एक जुनी पण दांडगी गाडी आणली, टर्बोवाली, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. "ही रस्त्याला चिकटून चालते," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. श्रावणातल्या एका दुपारी आरे-वारेच्या उतारावर, उजव्या वळणात, ती सुटली आणि डावीकडच्या जांभ्या दगडाच्या दरडीवर आपटली. विनीतला खरचटलंही नाही.

इस्पितळात तेजस्वीसमोरच तो आईला, येसूबाईंना, म्हणाला, "हिने हात ओढला, मी तरी काय करणार?" तेजस्वी कळवळत होती. मग तो बोटीवर गेला आणि ते वाक्य घरात राहिलं. आपण खरंच ओढला होता का? तिला आठवेना, आणि आठवत नाही याचाच तिला संताप यायचा.

हातखंब्याच्या गॅरेजमधून दुरुस्त झालेली गाडी आणायला तीच गेली. मालक म्हणाला, "वहिनी, विकून टाका. बायकांचं काम नाही हे."

"लागलं कुठे होतं हिला?" तिने विचारलं.

"मागचा डावा दरवाजा नि मागचं चाक. नाकाला ओरखडा नाही."

वाटेत तिला ते नाक छळत राहिलं. ती डावीकडे बसली होती. हात ओढला असता तर स्टिअरिंग डावीकडे फिरलं असतं आणि गाडी नाकानेच दरडीत घुसली असती. मग मागचा भाग कसा आपटला?

घरामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, कुठल्याशा प्रकल्पासाठी सपाट करून सोडून दिलेली जागा होती. पाऊस असला की कातळ निसरडा व्हायचा. रविवारी ती तिथे गाडी न्यायची, आंब्याचे रिकामे क्रेट गोल मांडायची आणि त्यांच्या आतून फेऱ्या मारायची. गिअर बदलताना मनगटातून कळ जायची. सासू म्हणायच्या, "लोक काय म्हणतील?" तेजस्वी म्हणायची, "म्हणून झालंय त्यांचं."

हळूहळू गाडीची खोड तिला कळली. वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी काहीच व्हायचं नाही, मग टर्बो एकदम जागा व्हायचा आणि नाक बाहेर पळायचं. स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच जायची. तेव्हा माणूस घाबरतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. तिनेही एकदा उचलला. क्षणात वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली, शेपूट बाहेर फेकली गेली आणि गाडी उलट्या दिशेला तोंड करून थांबली. क्रेटांचा चुरा झाला होता, मागच्या डाव्या अंगाने.

ती तशीच बसून राहिली. मग इतकी रडली, की डोकं दुखायला लागलं. पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. त्या दुपारी घाबरलं कोण होतं, ते तिला आता ठाऊक होतं.

पुढे गाडी तिच्या हातात आली. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी. मग स्टिअरिंग, मग धीर, आणि नाक आत आल्यावरच पाय हळूहळू दाबायचा, मध्येच उचलायचा नाही. चार चाकं ओढायला मदत करतात, पण थांबायला नाही. ते विनीतला कुणी सांगितलं नव्हतं, की त्याने ऐकलं नव्हतं?

तो परत आला, त्या रविवारी तिने त्याला सड्यावर नेलं आणि चालकाच्या जागी बसवलं.

"जोरात वळव. मध्येच पाय उचल."

"कशाला?"

"उचल म्हणते ना. मी हात मांडीवर ठेवलेत, बघून घे."

त्याने उचलला. गाडी गर्रकन फिरली. पाऊस काचेवर वाजत राहिला. त्याने इंजिन बंद केलं.

"तुला आठवत होतं?" तिने विचारलं.

"पाय उचलला ते आठवत होतं. त्याने असं होतं, ते माहीत नव्हतं."

"आणि हात?"

"हात तू धरला नव्हतास."

"मग का सांगितलंस?"

"आई विचारत होती. तोंडून निघून गेलं. मग सगळेच तसं म्हणायला लागले."

"वर्षभर, विनीत. मला वाटत होतं मी वेडी आहे."

घरी त्याने आईला खरं सांगितलं. येसूबाई भात वाढत होत्या. "असू दे," त्या म्हणाल्या, "जीव वाचले ना."

"असू दे नाही, आई," तेजस्वी म्हणाली. "तुम्ही ज्यांना-ज्यांना सांगितलंत, त्यांना फोन करा. जेवण झाल्यावर करा, पण आजच."

त्यांनी केले. काहींना, सगळ्यांना नाही. विनीतने उरलेले केले, अंगणात उभा राहून, खालच्या आवाजात. तेजस्वी पायरीवर बसून प्रत्येक शब्द ऐकत होती. राग गेला नव्हता. तो जावा अशी तिची इच्छाही नव्हती, निदान इतक्यात.