मंडळीला द्यावी

आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे देवळात जमणारे आम्ही सगळे. बाकीच्या लोकांत मंडळी म्हणजे बायको. हा फरक मला लहानपणापासून ठाऊक होता आणि त्याचाच मी फायदा घेतला. लिहितानाही लाज वाटते.

वडील जालन्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी कचेरीपुढच्या अर्जनवीसाकडून वसीयत लिहून घेतली: माझ्या पश्चात फंडाची सारी रक्कम मंडळीला द्यावी. घरी येऊन मला म्हणाले, "वाटूरच्या प्रार्थनाघरावर पत्रे पडले पाह्यजेत. पाळकसाहेबांना शब्द देऊन बसलोय. तू तेवढं बघ."

"बिलकुल बघतो, बाबा," मी म्हणालो.

वर्षाच्या आत ते गेले. कचेरीतल्या कारकुनानं कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मंडळी म्हंजे तुमच्या मातोश्रीच ना?"

आमचं घर गळत होतं, माझं लग्न ठरत होतं. हे आपले बहाणे. खरं म्हणजे मला हाव सुटली. "हो जी, आईच," मी म्हणालो. मेली जीभ जरासुद्धा अडखळली नाही!

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तिला सांगितलं, बाबांनी सगळं तुझ्या नावानं ठेवलंय. वाटलं, अंगठा देईल आणि विषय संपेल. तर ती डोळ्याला पदर लावून बसली. "जल्मभर स्वतःहून एक लुगडं आणलं न्हाई माणसानं," म्हणाली, "पण जाताना माझी आठवण ठेवली बघ." आता तिला काय कप्पाळ सांगणार होतो!

त्या उन्हाळ्यात पत्रे आले आणि आमच्या घरावर पडले. लग्नाच्या आधी पाळकसाहेब घरी प्रार्थना करायला वाटूरहून आले. आईनं मोठ्या हौसेनं त्यांना छप्पर दाखवलं. "यांनी माझ्यासाठी फंड ठेवल्ता, त्यातून केलं."

पाळकसाहेबांनी वर पाहिलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता विचारतील.

"बराबर केलं, बाई," ते म्हणाले. आपल्या प्रार्थनाघराचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. डोळे मिटून त्यांनी आमच्या छपरासाठी देवाचे आभार मानले आणि माझे वडील दिलेला शब्द पाळणारे होते असं म्हटलं.

आई आमेन म्हणाली. मग दोघंही माझ्यासाठी थांबले, आणि मीही म्हणालो, चांगलं मोठ्यानं.