फुगा शाबूत होता

हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही, पोटच्या मुलालाही नाही. देवापुढे बसले तरी अर्धंच बोलले. आज तुम्हाला सांगते — का, ते माझं मलाही कळत नाही.

निजामाचं राज्य होतं. कळमनुरीच्या पलीकडे आमचं गाव. माझा विष्णू चार वर्षांचा, दम्यानं बेजार — छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. ह्यांनी हैदराबादेहून औषधाची काचेची बाटली आणली. नळीचं टोक तोंडात धरायचं, मागचा रबरी फुगा दाबायचा, की औषधाचं धुकं घशात जायचं. घटकाभरात पोर खेळायला लागायचं. पंचक्रोशीत तसली ती एकच.

धर्मी तांड्यावरची, आमच्या शेतात निंदायला यायची. तिची मुलगी विष्णूएवढीच. एका सकाळी ती पोरीला कडेवर घेऊन अंगणात आली. पोरीचे ओठ निळे पडलेले, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. धर्मी रडली नाही. तिनं बाटली मागितली, एवढंच.

आणि मी — मी म्हणाले, "फुगा फाटलाय."

किती सहज म्हणाले! औषध संपत आलं होतं, असं पुढे स्वतःला समजावत राहिले. तेही खोटं. बाटली अर्धी भरलेली होती. माझ्या पोराच्या तोंडातली नळी तांड्यावरच्या पोरीच्या तोंडात — ते मला नको होतं. उकळून घेता आली नसती का? दर वेळी उकळतच तर होते.

पोरगी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही.

त्यानंतर विष्णूला धाप लागली की मी दार लावून फुगा दाबायचे. कुणी बघेल, धर्मीला कळेल, याची भीती. लाज नव्हे — भीती.

पंधरा दिवसांनी धर्मी आली. हिंगोलीच्या बाजारापर्यंत पायी जाऊन तिनं सायकलच्या भोंग्याचा रबरी फुगा आणला होता. तो माझ्या हातात ठेवला.

"माझं लेकरू तर गेलं, बाई. तुमच्या लेकराला तकलीफ नगं. ह्यो बसतो का बगा."

मी तो घेतला. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं मला?

तो अजून माझ्या पेटीत आहे, चिरा पडलेला, कशालाच न लावलेला. धर्मी मरेपर्यंत बांधावर भेटली की विचारायची, फुगा चालतो ना म्हणून. मी दर वेळी हो म्हणायचे.