माणसाचं एन्झाइम, मक्यावरची अळी

हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, तेव्हा माकणीत, म्हणजे गावी, आमच्या घरी कुणालाच नीट कळलं नव्हतं की मी नेमकं करते काय. आई विचारायची, "औषध बनवतीस का गं?" मी म्हणायचे, "औषध नाही, औषध तपासायला जे लागतं ते."

माणसाच्या पेशीत काही एन्झाइम निरोप्याचं काम करतात. वाढ, थांब, मर, असे निरोप पुढं पोचवतात. त्यातलं एखादं बिघडलं की 'वाढ' हा निरोप थांबतच नाही आणि गाठ होते. कॅन्सरवरची औषधं शोधणाऱ्यांना असलं एन्झाइम शुद्ध लागतं. ते काही माणसाच्या अंगातून काढत नाहीत. माणसाचं जनुक एका किड्याच्या पेशींत घालायचं, मग त्या पेशी ते तयार करतात. मी त्या पेशी वाढवायचे, फोडायचे, त्यातून एन्झाइम वेगळं करायचे आणि इवल्या नळ्यांत भरून गोठवायचे.

तो किडा म्हणजे लष्करी अळी. फार वर्षांपूर्वी परदेशात कुणीतरी तिच्या पेशी काढल्या, त्या तेव्हापासून बाटल्यांतच वाढत आल्या आहेत. त्यांना तोंड नाही, पाय नाहीत. पिवळसर पाण्यात तरंगणारे गोल ठिपके नुसते. बाटलीबाहेर त्या जगत नाहीत. खरी अळी मी कधी पाहिलीच नव्हती.

ती दिसली आमच्याच रानात. मी सुट्टीवर आले होते. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, मक्याची पानं चाळणीसारखी झाली होती आणि पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लाकडाच्या भुशासारखी घाण साचली होती. शेजारचं रान थोरल्या काकांचं. त्यांचा मका आमच्यापेक्षा जास्त गेला होता. ते बांधावर उभे राहून म्हणत होते, "असली कीड जन्मात बघितली न्हाय."

मी एक पोंगा उकलला. आत अळी होती. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी पांढरी खूण, शेपटीजवळ चार काळे ठिपके. पुस्तकात पाहिलेली, अगदी तशी. मी हरखूनच गेले.

"अण्णा, ही लष्करी अळी! आमच्या लॅबमधल्या पेशी हिच्याच."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हंजी ही तुमच्याकडं असती व्हय?"

"अळी नाही हो काका. नुसत्या पेशी."

"पण हिच्याच ना?"

"हिच्याच."

बांधावर एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी मी पिठाच्या गिरणीत गेले तर बायका बोलता बोलता गप्प झाल्या. एकीनं आपलं डालगं माझ्या दळणाच्या डब्यापासून लांब ओढलं. दुसरीनं शेवटी विचारलंच, "अळ्या थर्माकोलच्या डब्यात आणल्या व्हत्यास का गं?" लॅबमधला एक रिकामा डबा मी आईसाठी आणला होता. आई त्यात दही ठेवायची. तो सगळ्यांनी माझ्या हातात पाहिला होता.

त्याच दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. काका चपला न काढता आत आले आणि त्यांनी माझ्या ताटावर मूठ उघडली. भाकरीवर अळ्या पडल्या. काही चिरडलेल्या, काही वळवळणाऱ्या.

"खा. तुझीच लेकरं हायत."

काकू दारात उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं. आई ताट उचलायला पुढं झाली तर काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिला नीट बघू दे." मग त्यांनी कोपऱ्यातला तो डबा उचलला, अंगणात नेला आणि पेटवून दिला. आतलं दह्याचं गाडगं बाहेर काढायचीही तसदी घेतली नाही. काळा धूर घरात आला. अण्णांनी आपल्या ताटातला घास संपवला आणि हात धुतले.

संध्याकाळी आम्हाला मारुतीच्या पारावर बोलावलं. मी गेले, कारण मला वाटत होतं की नीट समजावलं तर कळेल. मी सगळं सांगितलं. निरोप्या एन्झाइम, जनुक, पेशी. पेशी म्हणजे अळी नव्हे, हे सांगितलं. "तिला तोंड नसतं, पाय नसतात," म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "तोंड न्हाय तर मका काय तुझ्या बानं खाल्ला?"

सगळा पार हसला. अण्णाही हसले. मार चुकवायला हसतात तसे, पण हसले.

"आन् माणसाचं काय काय घालती म्हणली त्यात?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "माणसाचं घालून अळी केली, तवाच ती एवढी खादाड झाली."

त्यावर कुणी हसलं नाही. ते सगळ्यांना पटलं.

काका म्हणाले, "हिनं माफी मागावी."

मी म्हणाले, "जे केलंच नाही त्याची माफी कशी मागू?"

अण्णा उठले. पागोटं सारखं केलं आणि हात जोडले. "दादा, चूक झाली. पोरगी शिकली, पण अक्कल न्हाय आली."

"नुसते हात जोडून भागायचं न्हाय," काका म्हणाले. "ती पुन्यांदा गावात पाय ठेवणार न्हाय, असा शब्द दे."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "दिला," म्हणाले.

सकाळी लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपमध्ये मी बसले. माझ्या शेजारी बसलेली बाई पुढच्या फाट्यावर उतरून मागच्या सीटवर गेली. सोडायला आई फाट्यापर्यंतही आली नाही. तिला येऊ दिलं नसेल, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. पुढं एकदा फोनवर तीच म्हणाली, "मलाबी लाज वाटत व्हती गं."

त्याच हंगामात अळी जिल्हाभर पसरली. ढोकीकडं, तुळजापूरकडं, मका दिसेल तिथं. कृषी सहायक गावात आला. त्यानं सांगितलं, हिचा पतंग वाऱ्यावर लांबलांब जातो, ही परदेशातून आली आणि कर्नाटकातून इकडं सरकली. लोकांनी ऐकून घेतलं. कोणतं औषध मारायचं, ते विचारून घेतलं. माझ्याबद्दल एक शब्द कुणी मागं घेतला नाही. आई म्हणाली, "लोकबी म्हणत्यात, तुझं नसंल त्यात काय. पण तुझ्या अण्णांनी शब्द दिलाय ना."

माझं लग्न सोलापूरला हॉलमध्ये झालं. काका आले, अक्षता टाकल्या, पोटभर जेवले. जाताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जपून बरं का, जावईबापू. किड्यामुंग्यात असती ही." वऱ्हाड हसलं. मी त्यांच्या पाया पडले नाही. आईनं मला त्यावरून सुनावलं.

मी अजून तेच काम करते. एन्झाइम बदललं, पेशी त्याच आहेत. त्यांचा राग मला कधी आला नाही.

गेल्या वर्षी अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापूरला झालं. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून मी त्यांच्याजवळ राहिले. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यातही मोतीबिंदू होता. त्यांना मी नीट दिसत नव्हते, त्यामुळं असेल, मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला तेव्हा खरं वाटलं होतं का? मी अळी आणली, असं?"

ते लगेच बोलले. जराही थांबले नाहीत.

"न्हाय. कधीच न्हाय. ती पिठाच्या गिरणीतल्या बायकांची अक्कल."

"मग?"

"मग काय. तुला हैदराबाद हुतं. मला त्याच गावात ऱ्हायचं हुतं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा आमच्याकडं कान देऊन ऐकत होता. पट्टी काढून डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली होती आणि बाटली माझ्या हातात होती. ती मी टेबलावर ठेवली, बाहेर जाऊन नर्सला बोलावलं आणि ती थेंब टाकून जाईपर्यंत व्हरांड्यातच उभी राहिले.