न पाहिलेली जखम

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. पंधरा दिवस मी ज्या जखमेच्या ड्रेसिंगला जात होतो, ती जखम मी पाहिलीच नव्हती.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी पंचवटीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मखमलाबादच्या बाजूला एका मळेकऱ्याचं घर, फुलांची शेती. तिथल्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पडून पडून कमरेखाली बेडसोर झाला. म्हणजे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, रक्त पोचत नाही, मांस मरतं. वरून रुपयाएवढं दिसतं, आत वाटीएवढं असू शकतं. म्हणून ती जखम डोळ्यांनी बघायची असते. नाकानेही.

पहिल्याच दिवशी आजींनी लुगडं घट्ट धरलं. "मेले तरी परक्या बाप्याला उघडी दिसायची नाय. मिशा बघ केवढ्या! तुझ्या बायकोला धाड."

त्यांची सून सुनंदाताई ओशाळून हसल्या. मीही लाजलो, आणि खरं सांगायचं तर सुटलो. मग ठरलं ते असं: मी ओसरीत बसून गॉज आणि मलम तयार करून द्यायचं, सुनंदाताईंनी आत जाऊन लावायचं आणि काय दिसतं ते मला सांगायचं.

"केवढी आहे?"

"रुपयाएवढी हाय, भाऊ."

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर सर विचारायचे, "तू स्वतः पाहिलीस?"

"हो, सर."

दवाखान्यातल्या सिस्टरना पाठवा, एवढंच म्हणायचं होतं. पण होम व्हिजिट नुकत्याच माझ्याकडे आल्या होत्या. त्या वस्तीतली माणसं मला 'डॉक्टर' म्हणायला लागली होती.

नवव्या दिवशी सुनंदाताई म्हणाल्या, "भाऊ, काळं पडलंय. कडक लागतंय."

"खपली धरली. चांगलं लक्षण आहे."

"कडेनं ओलं लागतंय पण. एकदा बघता का?"

"खपलीला हात लावू नका," एवढं सांगून मी निघालो.

काळं म्हणजे मेलेलं मांस. ते झाकणासारखं बसतं आणि खाली पू साठतो. मला हे ठाऊक होतं. त्या दिवसापासून भीती बसली. बाराव्या दिवशी आजींना ताप चढला. ओसरीत न खपलेल्या निशिगंधाचा ढीग सडत पडलेला असायचा. वास त्याचाच, असं मी स्वतःला बजावायचो. मोपेड मळ्याकडे वळली की मी वेग कमी करायचो. पांघरूण बाजूला केलं तर जखमेबरोबर माझं खोटंही उघडं पडणार होतं. आज सरांना सांगायचंच, असं रोज ठरवायचो. आणि रोज "हो, सर" म्हणायचो.

सोळाव्या दिवशी आजी ग्लानीत होत्या. लुगडं धरायला त्यांचा हात उठला नाही. मी पाहिलं. खपलीची कड सुटली होती. फोर्सेप बोटभर आत गेला आणि टोकाला टणक लागलं. हाड.

सर धावत आले. "कूस बदलत नव्हतात का?" त्यांनी घरच्यांना विचारलं.

आजींचा मुलगा बायकोवर खेकसला, "दोन-दोन तासांनी वळव म्हणून सांगितलं व्हतं ना तुला!"

"वळवत व्हते ओ. आन् भाऊंना सगळं सांगत व्हते." सुनंदाताई माझ्याकडे बघत होत्या.

सरांनीही माझ्याकडे पाहिलं.

"काल एवढं नव्हतं, सर," मी म्हणालो.

जंतू रक्तात पसरले होते. चौथ्या दिवशी आजी हॉस्पिटलमध्ये वारल्या. दहाव्याला गोदावरीवर भावकीतल्या बायका सुनंदाताईंच्या देखत बोलत होत्या, "फुलं तोडायला येळ व्हता, सासूला वळवायला नव्हता." मी तिथेच उभा होतो. खाली बघत.

आज मी घरी रुग्ण सांभाळणाऱ्या मुलींना शिकवतो. जखम स्वतः पाहिल्याशिवाय पाहिली म्हणू नका. रुग्ण लाजला तर बाईमाणूस बोलवा, पण कुणीतरी जाणत्याने बघायलाच हवं. नियम सांगतो. तो कुठे शिकलो, ते सांगत नाही.

सुनंदाताई अजून त्याच घरात आहेत. त्या आजींची कूस बदलत होत्या, काळं पडल्याचं त्यांनी वेळेवर सांगितलं होतं, खोटं मी बोललो. हे त्यांच्या नवऱ्यासमोर आणि भावकीसमोर उभं राहून सांगणं मी त्यांना देणं लागतो. अजून गेलेलो नाही.