सिदू मशालजीचा लाईट

अंबाजोगाईला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणत आणि तिथे घोडदळाची छावणी होती, तेव्हाची ही गोष्ट. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या बंगल्यावर नेकनूरकडचा सिदू मशालजी म्हणून चाकरीला होता. दिव्यांत तेल भरायचे, वाती कातरायच्या, काचा पुसायच्या आणि तिन्हीसांजेला सगळे दिवे लावायचे, एवढेच त्याचे काम. पण एखाद्या काचेवर कुणाचे बोट उमटले, तरी त्याला आपल्याच तोंडाला काजळी फासल्यासारखे वाटे.

इंग्रजीतला एकच शब्द त्याच्या वाट्याला आला होता, 'लाईट'. पण त्या एकाने त्याला पुरता घुमवला. एका साहेबाने चिरूट तोंडात धरून "लाईट" म्हटले, तेव्हा सिदूने टेबलावरचा भला थोरला दिवा उचलून त्याच्या नाकाशी धरला.

"अरे चिराग नक्को रे! काडी होना उनकू, काडी!" इब्राहीम खानसामा ओरडला.

दुसऱ्या दिवशी एक साहेब वर्तमानपत्र उघडून "लाईट" म्हणाला. सिदूने मोठ्या ऐटीत काडेपेटी पुढे केली. आता त्याला दिवाच हवा होता! पुढे कळले की पातळ चहाही लाईट, फिक्या रंगाचा घोडाही लाईट आणि साहेबाला रात्री झोप नीट लागली नाही, तर ती झोपसुद्धा लाईट.

"एवढी मोठी फौज, अन् शबुद एकच? कावून बे?" सिदूने विचारले.

"गरिबी है उनकी जबान में," इब्राहीम गंभीरपणे म्हणाला.

हे सगळे सिदू घरी येऊन बायकोला, जानकीबाईला, साभिनय सांगे. ती पोट धरून हसे. त्यातला तिच्या कामाचा अर्थ तिने तेवढा उचलला. लाईट म्हणजे हलके. भाकरी टम्म फुगली की ती म्हणायची, "आज लई लाईट झाली बघा."

जानकीबाईचा एक डोळा लहानपणीच देवीत गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत गेला. तव्याऐवजी जाळावर हात पडू लागला, तेव्हा सिदू स्वतःच भाकरी थापू लागला. ती मात्र लाईट नसे.

अशात छावणीत नवा गोरा डॉक्टर आला. तो मोतीबिंदू काढतो असे कळताच सिदू बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. पुरुषांना बाहेर थांबवून तिला एकटीलाच आत नेले. थोड्या वेळाने ती भिंत चाचपत बाहेर आली.

"न्हाई म्हनला सायब," ती म्हणाली.

मागून राधाकिशन कंपाउंडर आला. "डोळ्यात उजेडच उरला नाही, तर शस्त्र लावून उपयोग काय? साहेबांनी दिवा धरून विचारलं, बाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं."

वाटेत सिदूला राहवेना. "अगं, चुलीतला जाळ तर दिसतोय की तुला!"

"दिसतोय. पर त्यो जाळाचं कुठं इचारत हुता? डोळ्यापशी काईतरी धरून 'लाईट?' म्हनला. म्या म्हनलं, न्हाई सायब, लई जड हाय डोळा."

सिदू रस्त्यातच मटकन बसला.

"आता कावून बसलाव? तुमीच शिकिवलंय," ती म्हणाली.

तो तसाच माघारी पळाला. डॉक्टर गेला होता आणि राधाकिशन काही ऐकून घेईना. साहेबांनी एकदा नाही म्हटले म्हणजे नाही.

त्या संध्याकाळी जेवणे आटोपली. डॉक्टरने चिरूट ओठांत धरला आणि म्हणाला, "लाईट."

सिदू गेला तो काडी घेऊन आलाच नाही. एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताने मागच्या पडवीत पढवून बसवलेल्या जानकीबाईला धरून तो थेट दिवाणखान्यात शिरला. इब्राहीमच्या हातातली रकाबी निसटता निसटता राहिली. "मरवाता क्या रे!" तो पुटपुटला.

सिदूने दिवा डावीकडे नेला. जानकीबाईने डावीकडे बोट केले. उजवीकडे नेला, बोट उजवीकडे गेले. वर धरला, तसा तिने हात उंच केला. सगळे साहेब बघत राहिले. डॉक्टर न पेटलेला चिरूट हातात घेऊन उठला. सिदूच्या हातून दिवा घेऊन त्याने स्वतः तसेच करून पाहिले. मग मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "कल. सुबह."

मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटली आणि काही दिवसांनी जाड भिंगांचा चष्माही आला. सिदूने तो बायकोच्या कानांवर नीट अडकवला आणि काय म्हणते म्हणून श्वास रोखून समोर बसला.

तिने आधी त्याच्याकडे पाहिले. मग त्याच्या डोक्यावर खुंटीला टांगलेल्या घरच्या कंदिलाकडे पाहिले.

"सायबाच्या काचा पुसून पुसून बोटं झिजली म्हन्ता," ती म्हणाली, "अन् ही काच कुनी पुसायची वो? दोन वर्साची काजळी हाय तिच्यावर!"

सिदू एवढा लाजला आणि एवढा हरखला की फडके हाताशी असूनही ते त्याला सापडेना.