मानेतली भरती

नारपोलीत मी ज्यांचे लूम दुरुस्त करतो, त्या शेठना डॉक्टरांनी एकदा सांगितलं, की आजारात मानेतली गाठ सुजते, कारण तिथे रोगाशी लढणाऱ्या नव्या पेशी तयार होत असतात. झालं! तेव्हापासून कारागीर तापाने फणफणला, की शेठ कापड तपासावं तशी दोन बोटांनी त्याची मान चाचपतात. "अरे, अंदर भरती चालू है! लढणारे ड्युटीवर हायेत, तुला सुट्टी कशाला?" बिचारा मान चोळत लूमवर परत जातो.

गेल्या आठवड्यात शेठचीच गाठ सुजली. भेटायला गेलो, तर गोधडीतून कण्हत म्हणाले, "आठ दिवस येनार न्हाय. नव्या भरतीला आराम लागतो रे."

माझी दोन बोटं नुसती शिवशिवत होती.